प्रोजेक्टला वादाचा विषय घ्याच, पण आपल्या गावातला घ्या

दरवर्षी सबमिशनचे दिवस आले की तेच विषय नव्या रेक्झिनच्या कव्हरात बांधून टेबलावर येऊन पडतात. सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम, महिला सक्षमीकरण एक अभ्यास, जीएसटीचे फायदे-तोटे, आणि पर्यावरणाचा असेल तर प्लास्टिक एक समस्या. झेरॉक्सवाल्याकडे सगळे तयार असतात, पोरं जाऊन नुसतं म्हणतात भैय्या मागच्या वर्षीचा काढा की, मग पहिलं पान बदलायचं, नाव बदलायचं, प्रस्तावनेतलं साल बदलायचं, झालं संशोधन. मी इथे सोलापुरात एका कॉलेजात सीएचबीवर शिकवतो, म्हणजे तासावर पैसे मिळणारा मास्तर, त्यामुळे असले प्रोजेक्ट तपासायचं काम हमखास माझ्यासारख्यांकडेच येतं, आणि खरं सांगायचं तर पोरांचा राग येत नाही. ज्या विषयावर सगळ्या वर्गाचं एकमत आहे त्यात शोधणार काय? प्लास्टिक चांगलं असतं असं म्हणणारा कोणीच नाही, मग चाळीस पानं लिहून शेवटी निष्कर्ष येणार की प्लास्टिक वाईट, आणि हे पोराला पहिल्या दिवशी माहीत होतं, गाइडला माहीत होतं, झेरॉक्सवाल्याला तर सगळ्यात आधी माहीत होतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की विद्यार्थ्याने टॉपिक वादाचाच घ्यावा. हे स्टाफरूममध्ये बोललं की दोन तऱ्हेची माणसं समोर येतात. एक म्हणतात कशाला ती झंझट, पोरं परीक्षेला आलेत का भांडायला आलेत. दुसरे म्हणतात अहो मी तर देतोच वादाचे विषय, यंदा एकाला आरक्षण दिलंय, एकीला फाशीची शिक्षा दिलीय. माझं भांडण दोघांशीही आहे, पण दुसऱ्यांशी जरा जास्त.

त्या दुसऱ्यांचंच आधी बोलतो. फाशी असावी का नसावी, ईव्हीएम, समान नागरी कायदा, इच्छामरण, हे वादाचे विषय आहेत यात शंकाच नाही, पण सोलापुरात बसून बीए बीकॉमच्या पोराने त्यात नवीन काय करायचं? फाशीवर विधी आयोगाचा २०१५ चा २६२वा अहवाल आहे, दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्ध युद्ध सोडलं तर बाकी सगळ्या गुन्ह्यांतली फाशी रद्द करा असं त्यात सुचवलंय, तो वाचला तर चांगलंच आहे. पण होतं काय, तर कुठल्या तरी साइटवरून बाजूने पाच मुद्दे, विरोधात पाच मुद्दे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, दोन्ही बाजूंचा विचार करून सुवर्णमध्य काढला पाहिजे. फाशीत सुवर्णमध्य म्हणजे काय, अर्धी फाशी? आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की असले पाच-पाच मुद्दे मिनिटात निघतात, तेही शुद्धलेखनासकट. एकदा पिळून काढलेलं चिपाड परत चरकात घालण्यातला प्रकार आहे हा, रस कुठून येणार.

दुसरं म्हणजे अशा देशपातळीच्या विषयात पोराची बाजू घरातून, टीव्हीवरून, व्हॉट्सअॅपवरून आधीच ठरून आलेली असते आणि प्रोजेक्टमध्ये तो फक्त तिला तळटीपा लावतो. त्याचं म्हणणं चुकीचं ठरवील असं काही त्याला भेटणारच नाही कारण तो कुठे जाणारच नाही, रूमवर बसून सगळं होतंय. गावातल्या वादाचं तसं नसतं. तिथे दुसऱ्या बाजूचा माणूस तुमच्याच बेंचवर बसलेला असतो, किंवा तुमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहतो, आणि तो काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय सुटका नसते.

चिमणीचंच घ्या. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. होटगी रोडला आपला जुना विमानतळ, आणि त्याच्या जवळच सिद्धेश्वर साखर कारखाना, त्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वदेक मीटर उंचीची चिमणी. विमानाच्या वाटेत ती येते म्हणून पाडा असं एका बाजूचं म्हणणं, विमान आलं तर उद्योग येतील, आयटी येईल, आपली पोरं पुण्याला जायची थांबतील. दुसरी बाजू म्हणत होती की कारखाना हजारो सभासद शेतकऱ्यांचा आहे, चिमणी गेली तर गाळपावर परिणाम होणार, आणि विमानतळच पाहिजे तर बोरामणीला जमीन घेऊन ठेवलीय ती का पडून आहे. कितीतरी वर्षं हे चाललं, मोर्चे झाले, उपोषणं झाली, कोर्टबाजी झाली, घराघरांत भांडणं झाली, आणि १५ जून २०२३ ला महापालिकेने ती चिमणी पाडली. त्या दिवशी शहरात काही लोक पेढे वाटत होते आणि काही लोकांच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता यावर प्रोजेक्ट घे म्हटलं की पोरगं लगेच टायटल लिहून आणतं, 'चिमणी पाडणे : योग्य की अयोग्य'. हा प्रश्न सात रस्त्याच्या कट्ट्यावर ठीक आहे, प्रोजेक्टला नाही, कारण त्याचं उत्तर कोणी काहीही दिलं तरी समोरचा हलत नाही. त्याच्याखाली जे बारके प्रश्न आहेत ते काढायचे. चिमणी पडली जून २०२३ ला, विमानतळाचं उद्घाटन झालं २९ सप्टेंबर २०२४ ला, पंतप्रधानांनी ऑनलाइन केलं, आणि गोव्याचं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला. म्हणजे चिमणी पडल्यापासून विमान उडेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं. या दोन वर्षांत काय काय चाललं होतं? धावपट्टीचं काम, परवाने, विमान कंपनी मिळवणं, कशाला किती वेळ गेला? याच्या तारखा कुठल्या ना कुठल्या कागदावर आहेत, जुन्या पेपरात आहेत, कोणी बसून नुसती एक टाइमलाइन लावली तरी ते आतापर्यंतच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त कामाचं होईल. आणि गंमत म्हणजे ती टाइमलाइन दोघांनाही चावेल. चिमणीवाला म्हणेल बघा, अडथळा एकटी चिमणी नव्हतीच. विमानवाला म्हणेल चिमणी पडल्याशिवाय पुढची कामं हललीच नसती. मग पोराला परत कागदात जावं लागेल की कुठलं काम चिमणीमुळे खरंच अडलं होतं आणि कुठलं नाही. इथे पोरगं पहिल्यांदा विचार करायला लागतं, त्याच्या आधी ते फक्त टायपिंग करत असतं.

किंवा शेतकऱ्याच्या बाजूने जा. पाडल्यानंतरच्या हंगामात कारखान्याच्या जवळच्या गावांतल्या सभासदांचा ऊस कुठे गेला, तोडणी किती लांबली, वाहतूक किती वाढली, बिल किती दिवसांनी मिळालं. चार-पाच गावं घ्या, प्रत्येक गावात दहा-बारा घरं. कदाचित असं निघेल की फार फरक पडला नाही, कदाचित असं निघेल की लहान शेतकऱ्याला फटका बसला आणि मोठ्याला नाही. मला माहीत नाही, आणि करणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणूनच तो विषय चांगला. किंवा विमानात बसतं कोण ते बघा. चादर-टॉवेलचा व्यापारी बसतो का, का पुण्याला सेटल झालेला पोरगा आईबापाला गोवा दाखवायला नेतो? उद्योगासाठी विमान पाहिजे म्हणून सगळी चळवळ झाली ना, मग बघूया की.

माझ्या लेखी विषय निवडायची कसोटी एवढीच आहे. काम करता करता असं काही सापडू शकतं का की जे तुझ्या मनातल्या बाजूच्या विरोधात जाईल? सापडू शकत असेल तर घे. काहीही सापडलं तरी तू तेच म्हणणार असशील तर नको घेऊ, भाषण स्पर्धेत भाग घे, तिथे बक्षीसही मिळतं.

पाण्याचा विषय तर आपल्याकडे घरात येऊन बसलाय, म्हणजे पाणी येत नाही, विषय येतो. उजनी आपल्याच जिल्ह्यात, एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्यातून सोडता न येणारं तळाचं पाणी, आणि तरी शहरात नळाला पाणी रोज येत नाही, लोक पाण्याच्या दिवसावर लग्नाच्या बोलणीची तारीख ठरवतात. २०२१ मध्ये उजनीतलं ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे न्यायचा आदेश निघाला तेव्हा जिल्हा पेटला होता, शेवटी तो रद्द करावा लागला. यावर पोरं प्रोजेक्ट करतात, नाही असं नाही, पण टायटल असतं 'सोलापूरवरील अन्याय'. टायटलमध्येच निकाल लावून टाकलाय, मग आत काय उरलं? त्यापेक्षा एकाच पेठेतल्या वीस घरांत जाऊन बघ की पाणी किती मिनिटं येतं, कोणाकडे मोटर आहे, कोणाकडे हौद आहे, कोण हंडे भरतं, टँकर कोण बोलावतं आणि किती देतं. जुळे सोलापुरात एक उत्तर मिळेल, हद्दवाढ भागात दुसरं, पूर्वभागात यंत्रमागाच्या शेजारच्या चाळीत तिसरं. मग इंदापूरशी भांडण आहे ते आहेच, पण आपल्या आपल्यातही एक भांडण आहे हे कळतं, आणि ते कोणाच्याच भाषणात नसतं कारण दोन्हीकडचे मतदार आपलेच.

पाण्यावरून उसावर यावंच लागतं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, आणि जिल्हा अवर्षणप्रवण. हा विषय घेतला की प्रत्येक पोराच्या प्रोजेक्टात एक वाक्य येतंच, राज्यातलं चार टक्के क्षेत्र उसाचं आणि सिंचनाचं सत्तर टक्के पाणी ऊसच पितो. मी विचारतो कुठून आणलंस, तर म्हणतं सर सगळीकडे आहे. सगळीकडे आहे हे खरंय, पण मुळात ते केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या उसावरच्या अहवालातलं आहे, ते पूर्ण राज्याबद्दल आहे, सोलापूरबद्दल नाही, आणि त्यात विहिरीचं, बोअरचं, कॅनॉलचं, उपशाचं पाणी कसं धरलंय हे त्या वाक्यावरून कळत नाही. एखाद्या पोराने फक्त एवढंच केलं की हा आकडा पकडून मागे मागे जायचं, कोणी कोणाकडून उचलला ते बघायचं, मूळ अहवाल डाउनलोड करून ते पान वाचायचं आणि मग माढ्याच्या किंवा माळशिरसच्या एका गावात ठिबकवरचा ऊस आणि मोकळ्या पाटपाण्यावरचा ऊस यातला फरक शेतकऱ्याला विचारायचा, तर मी त्याला पैकीच्या पैकी देईन. उसाला शिव्या घालणं सोपं आहे, पण दुसऱ्या कुठल्या पिकाला असा ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे ते सांगा, असं कुठलाही शेतकरी विचारेल, आणि शहरातल्या पोराला हा प्रश्न एकदा तरी समोरासमोर ऐकू दे.

आता डीजे. इथे मला जरा सावकाश बोलायचंय कारण हा विषय पोरांना सगळ्यात जास्त आवडतो आणि गाइडला सगळ्यात जास्त घाम फोडतो. सोलापुरात मिरवणुका किती, तर महिना मोकळा जात नाही. कायदा स्पष्ट आहे, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. म्हणजे मोजता येतो असा वाद आहे, आणि मोजता येतो असा वाद मिळणं म्हणजे लॉटरीच. पण मोजणार कसं? पहिली गोष्ट, मोबाइलवरच्या फुकट अॅपने घेतलेला आकडा म्हणजे पुरावा नाही, दोन फोन शेजारी ठेवले तर दोन आकडे येतात, फिजिक्सच्या लॅबमध्ये मीटर आहे का ते विचारा, नसेल तर अॅपचा आकडा अंदाज म्हणून लिहा आणि तसं स्पष्ट म्हणा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एक पोरगा उत्साहाने आला, सर मी डीजेवर करतो, आणि त्याने मोजायला निवडलेल्या मिरवणुका सगळ्या एकाच समाजाच्या. कुठल्या ते सांगत नाही कारण कुठलाही समाज घाला, गोष्ट तीच राहते. त्याला वाटत होतं की तो ध्वनिप्रदूषणावर संशोधन करतोय. मी म्हटलं मग वर्षभरातल्या सगळ्या घे, ज्यांच्या ज्यांच्या निघतात त्यांच्या, तुझ्या स्वतःच्या मंडळाची पहिली. त्याचं तोंड एवढंसं झालं. मोजायला काय निवडलं यातच माणसाची बाजू बाहेर पडते, निष्कर्षापर्यंत जायची गरजच नसते. हे शिकायला वादाच्या विषयाइतकी चांगली जागा नाही. प्लास्टिकवर प्रोजेक्ट करून हे आयुष्यात कळलं नसतं.

आणि तिसरी गोष्ट, सुरक्षिततेची. रात्री अकरा वाजता मिरवणुकीत वीस वर्षांच्या पोरीला मीटर घेऊन उभं करायचं नाही, पोरालाही नाही, एवढं गाइडला कळलं पाहिजे. त्याच विषयात दिवसा होणारं काम भरपूर आहे, मिरवणुकीच्या वाटेवरच्या दवाखान्यातल्या नर्सना विचारा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारा की बाबा तू का लावतोस, वर्गणी किती आणि त्यातली डीजेला किती जाते. आणि डीजेवाल्यालाही विचारा, कर्ज काढून सिस्टीम घेतलेली असते त्याने, बंदी आली तर हप्ता कोण भरणार. तो विषयातला सगळ्यात कमी ऐकला गेलेला माणूस आहे.

जे म्हणतात वादच नको, त्यांची एक गोष्ट मला मान्य आहे. भीती खोटी नाही. २००४ च्या जानेवारीत पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून तोडफोड झाली ती एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या वादग्रस्त पुस्तकात संस्थेचे आभार मानले होते म्हणून, आभार मानणाऱ्याचं काही बिघडलं नाही, ज्यांनी लायब्ररी उघडून दिली त्यांचं कपाट फुटलं. हे ज्याने पाहिलंय तो गाइड पोराला इतिहासातला नाजूक विषय देताना दहा वेळा विचार करणारच. त्यात आमच्यासारखे सीएचबीवाले, आमचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवीन, एखाद्या पालकाने प्रिन्सिपलला फोन केला की तुमचे सर पोरांना काय शिकवतात, तर पुढच्या जूनला आपलं नाव यादीत असेल का हा विचार डोक्यात येतोच. त्यामुळे गाइड घाबरट आहेत असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

पण म्हणून सगळे वाद एका पोत्यात भरून बाजूला ठेवायचे हेही पटत नाही. श्रद्धेच्या जागी हात घालणारा विषय आणि पाण्याच्या टँकरचा विषय यात फरक आहे की नाही? विद्यापीठाच्या नावाचंच घ्या. २००४ ला सोलापूर विद्यापीठ झालं, २०१९ ला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव लागलं, त्याच्या आधी सिद्धेश्वर महाराजांचं नाव पाहिजे, बसवेश्वरांचं पाहिजे, अहिल्यादेवींचंच पाहिजे अशी आंदोलनं झाली. कोणाचं नाव योग्य होतं, असा विषय घेऊन कोणी आलं तर मी नाही म्हणेन, अगदी सरळ, कारण त्यातून निघणार काहीच नाही, तीनही नावं लोकांच्या देवघरातली आहेत आणि पोराच्या आडनावावरून लोक निष्कर्ष आधीच वाचतील. पण त्याच विषयात दुसरा एक प्रश्न आहे, एका जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ काढून पोरांचं नक्की काय भलं झालं, पंढरपूरच्या, करमाळ्याच्या पोराला आधी कामासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जावं लागायचं, आता किती सोपं झालं, डिग्रीला बाहेर किंमत किती मिळते. हाही वादाचाच, विद्यापीठाला तर अजिबात न आवडणारा, पण यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही आणि उत्तरं माजी विद्यार्थ्यांकडे आहेत.

उलट काही विषय असे आहेत की जे वादाचे वाटतात आणि राहिलेले नसतात. मार्शल लॉ. १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. इतिहास विभागात हा प्रोजेक्ट दरवर्षी असतो आणि दरवर्षी तोच असतो, कारण आता त्यावर भांडणारं कोणी उरलं नाही, सगळ्यांनीच हार घातलेत. विषयाबद्दल आदर पूर्ण आहे, पण पोरं तारखा आणि नावं लिहून मोकळी होतात. खटला कसा चालला, साक्षी कोणाच्या झाल्या, पुरावा काय होता, त्या वेळी शहरातलेच कोण कोण सरकारच्या बाजूने उभे राहिले, हे विचारलं की मात्र विषय परत गरम होतो. जुना विषय घ्यायचाच असेल तर तिथून घ्या.

विडीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण त्यात पोरींना मी जे सांगतो ते काही सहकाऱ्यांना पटत नाही. आमच्या प्रत्येक वर्गात दोन-चार तरी पोरी अशा असतात की ज्यांची आई विड्या वळते, पोरगी स्वतःही कॉलेजवरून गेली की विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसते. वाद काय आहे तर तंबाखूने कॅन्सर होतो हे सगळ्यांना मान्य, एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासकट धोक्याचा इशारा छापावा लागतो, सरकार तंबाखूवर जेवढं घट्ट करेल तेवढं आरोग्याला चांगलं. आणि दुसरीकडे या शहरातल्या हजारो बायकांचं पोट त्यावर, विडी बंद झाली तर त्यांनी जायचं कुठे, कुंभारीला कामगारांसाठी रे नगरची घरं झाली, जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांचं वाटप झालं, घर मिळालं पण हाताला काम कुठलं. आणि तिसरी बाजू, जी मोर्चातही येत नाही आणि आरोग्य खात्याच्या पोस्टरवरही नाही, ती म्हणजे वळणाऱ्या बाईच्या छातीत जाणारी तंबाखूची धूळ, वाकलेली पाठ, आणि हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची होणारी कापाकापी.

अशी पोरगी विषय घेते म्हणाली की सहकारी म्हणतात तिला नको, ती तटस्थ राहणार नाही. मी म्हणतो तिलाच द्या. ती तटस्थ नाही हे तिने पहिल्याच पानावर लिहावं, माझी आई विडी कामगार आहे, मी स्वतः विड्या वळलेल्या आहेत, विडी बंद होऊ नये असं मला घरातून वाटत आलंय. लिहून टाकलं की वाचणाऱ्याला कळतं कुठे सावध राहायचं, आणि तिलाही कळतं. बाकीचे जे तटस्थ म्हणून मिरवतात त्यांची बाजू फक्त लपलेली असते. आणि तिला जे दिसतं ते बाहेरच्याला कुठे दिसणार, पानं ओली करून किती वेळ ठेवायची, कारखान्यात माल द्यायला गेल्यावर कोण कसं बोलतं, विडी कामगाराचं कार्ड कोणाच्या नावावर आणि काम कोण करतं, हे प्रश्न प्रश्नावली छापून फिरणाऱ्या जुळे सोलापूरच्या पोराला सुचणारच नाहीत. फक्त एक अट घालायची, तिने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे जायचं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दात, न कापता, आत घालायचं. आणि विडी सोडून दुसरं काम धरलेल्या दोन बायका तरी शोधायच्या, त्या सुखात आहेत का नाहीत ते बघायचं. तिच्या घरच्या मताला तडा जाईल असं काही निघालं तर निघू दे, आणि नाही निघालं तरी तिने ते तपासलंय.

गाइडचं काम इथे आहे असं मला वाटतं. विषय पुसून टाकणं हे काम नव्हे, विषयाला कुठे दरवाजा ठेवायचा ते सांगणं, दुसऱ्या बाजूच्या कोणाला भेटायचं ते ठरवून देणं, कुठल्या वेळेला कुठे जायचं नाही ते सांगणं, आणि काही झालंच तर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये पोराच्या आधी आपण जाऊन उभं राहणं. शेवटचं सीएचबीवाल्याला जड जातं, मान्य आहे, म्हणून कॉलेजांनी हे लिहून द्यावं की डिपार्टमेंटने मंजूर केलेल्या विषयाची जबाबदारी डिपार्टमेंटची, एकट्या मास्तरची नाही. एका कागदाचं काम आहे.

नवीन शैक्षणिक धोरणात आता फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, म्हणजे पोरांना वर्गाबाहेर जावंच लागणार आहे, कागदावर तरी. मग वेळापत्रकही तसं पाहिजे. आमच्याकडे टॉपिक ठरतो डिसेंबरात आणि सबमिशन असतं फेब्रुवारीत, एवढ्यात गावातल्या वादाचा कागद हाती येतच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराला तीस दिवसांची मुदत, आणि महापालिकेत चुकीच्या खात्यात टाकला तर तो तिथून दुसरीकडे पाठवतात त्यात अजून दिवस जातात, मग अपील. म्हणजे पाणी किंवा विमानतळ असा विषय असेल तर अर्ज जुलैत गेला पाहिजे, गणपतीच्या आधी, दिवाळीपर्यंत काही ना काही हातात येतं, उत्तर आलं नाही तर तेही प्रोजेक्टात लिहिता येतं, तारखेसकट. यंदा पोरांना मी टायटल आणायला सांगणारच नाही, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या भागातल्या एका भांडणावर एक माहिती अधिकाराचा अर्ज लिहून आणायचा, स्टँपचे दहा रुपये नसतील तर माझ्याकडून घ्या.